मामा हलला

११ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. कोपऱ्याच्या खांबावर तारा आठ. सात ताणून झालेल्या, आठवी अर्ध्यावर. माझी लेक खांबामागे पाय रोवून उभी होती, दोन्ही हातांत लोखंडी सळई धरून. त्याच वेळी तिच्या पायाखालच्या जमिनीने आवाज केला.

आवाज मोठा नव्हता. ओल्या पुठ्ठ्याची घडी हळूच उलगडावी, एवढाच. पण ज्याचे आयुष्य कुंपणांच्या कामात गेले, तो असा आवाज ऐकला की हातातले काम तिथेच थांबवतो. लेकीने मानही वळवली नाही. सळईवरची नजर न काढता ती म्हणाली, “बाबा, मामा हलला.”

हा मामा कोण, ते आधी सांगणे भाग आहे. नाहीतर मी त्या दिवशी एवढा का घाबरलो ते कळणार नाही.

तारेच्या लांब कुंपणाचा सगळा भार कोपऱ्याच्या खांबावर येतो. प्रत्येक तारेची ओढ शंभर-सव्वाशे किलोची. म्हणजे आठ तारा मिळून त्या एका खांबाला टनाच्या आसपास जोराने एकाच अंगाला खेचत असतात. खांब कितीही खोल रोवला तरी कालांतराने मान टाकतो. म्हणून त्याच्या मागे, कुंपणाच्या उलट दिशेला, तीन मीटरवर एक मोठा धोंडा जमिनीत पुरतात आणि धोंड्यापासून खांबाच्या डोक्यापर्यंत दुहेरी तार बांधतात. त्या दोन पदरांमध्ये सळई अडकवून ती फिरवत गेले की तारेला पीळ बसतो, मागची ओढ घट्ट होते आणि खांब ताठ राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला खांब दिसतो, तार दिसते. धोंडा दिसत नाही. न दिसणाऱ्या त्या धोंड्याला आमच्या धंद्यात मामा म्हणतात.

त्याच दिवशी दुपारी गोठ्याच्या ओट्यावर चहा घेताना हा विषय निघाला होता. गोठा आणि त्यामागचे कुरण ज्यांच्या मालकीचे, त्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. अंगाने भारदस्त आणि आवाजाने त्याहून. गायी रेलून रेलून कुंपण ढिले झाले होते, म्हणून त्यांनी लेकीला बोलावले होते. कुंपणांचा धंदा आता तीच सांभाळते. मी निवृत्त आहे आणि कधीमधी बरोबर जातो, ते बहुतेक चहासाठी.

“पण मामाच का हो?” मावशींनी विचारले. “काका का नाही?”

“काका वाटणी मागतो,” लंबू म्हणाला. लंबू हा लेकीचा मुख्य कारागीर. पन्नाशीचा, खांबाएवढा उंच आणि माझ्याच हाताखाली तयार झालेला.

लेकीने नीट समजावून सांगितले. “कोपऱ्याचा खांब म्हणजे आई, मावशी. तारा म्हणजे तिची पोरं. सगळी एकाच बाजूला ओढणार. मग आईला मागून धरणार कोण? तिचा भाऊ.”

“आणि बाप?”

“बाप त्या टोकाला. रॅचेट फिरवून पोरांना ताणत बसलेला.” असे म्हणून तिने मुद्दाम माझ्याकडे पाहिले. मावशींच्या बशीतला चहा सांडला.

मी म्हणालो, “आमच्या वेळची जुनी मंडळी वेगळं सांगायची. एकदा म्हणे असाच धोंडा सुटायला लागला. तारेपाशी एक पोरगा अडकला होता. तेव्हा त्याचा मामा धावत गेला आणि धोंड्यापुढच्या मातीवर बसून राहिला. भाचा बाहेर येईपर्यंत उठला नाही.”

“मग मामाचं काय झालं?”

“ते कुणी सांगत नाही. आणि गोष्ट खोटीच आहे. टनभर ओढीपुढे एक माणूस बसून काय होणार? हिशेबात बसत नाही.”

“तुमच्या हिशेबात बसणारी माणसं तशीही कमीच, बाबा,” लेक म्हणाली.

शब्दाची मुळे दोन, पण त्याला फांद्या पुष्कळ फुटल्या आहेत. ज्याच्या पाठीशी कुणाचे तरी न दिसणारे वजन आहे, त्याचा ‘मामा खोल आहे’ असे आमच्या भागात म्हणतात. कामाच्या नावाने शंख असूनही ज्याला नोकरीवरून कुणी काढू शकत नाही, त्याच्याबद्दलही तेच. सगळ्या घराचा भार वाहूनही जिचे नाव कुणी घेत नाही, ती बाई वैतागली की म्हणते, ‘मला मामा करून ठेवलंय.’ माझ्या पत्नीचे हे ठरलेले वाक्य होते. ऐन वेळी माणसाचा धीर सुटला की ‘त्याचा मामा हलला’. फसवल्या गेलेल्या माणसाला लोक जो मामा म्हणतात, त्याचा या धोंड्याशी काही संबंध नाही, असे माझे मत आहे. लंबूचे उलट आहे. “धोंड्याला कुणी विचारलं होतं का, तुला पुरू का म्हणून? मग तो मामाच झाला की, मास्तर!”

हसून चहा संपला. मग कामाला लागण्याआधी आम्ही मामाला भेटलो.

ही भेट म्हणजे आमच्या धंद्याची रीत आहे. नवे कुंपण होताना धोंड्यावर माती लोटली की काम करणारा प्रत्येक जण आणि शेवटी मालक त्या जागेवर उभे राहून एकदा जोरात पाय आपटतात. जागेवर खूण कधीच करत नाहीत. खूण केली की चांगला धोंडा म्हणून कुणीतरी उकरून नेतो. जागा पायांच्या लक्षात राहते, एवढा भरवसा पुरतो. पुढे दुरुस्तीला आले की पुन्हा तसेच पाय आपटायचे. खालून भरीव उत्तर आले की मामा जागेवर आहे. त्या दुपारी लेकीने पाय आपटला, लंबूने आपटला, मी आपटला. उत्तर भरीव होते. आम्ही तारा ताणायला घेतल्या, खालून वर, एकेक करत.

आणि आता, शेवटची तार ताणताना, तो हलला होता.

“कुठं?” मी विचारले.

“पुढं आला. माझ्याकडं. पायाखाली कळलं.”

मी वाकून पाहिले. धोंड्याच्या जागेपुढे गवतात एक भेग पडली होती, पकडीचे टोक जाईल एवढी. मी पाहत असतानाच तिच्या कडेचा मातीचा एक लहान खडा आत घरंगळला.

लेक धोंडा आणि खांब यांच्या बरोबर मध्ये होती. मागची तार तिच्या छातीच्या उंचीवरून जात होती. हातातल्या सळईवर साऱ्या पिळाचा जोर होता. ती सोडली असती तर सळई पंख्याच्या पात्यासारखी उलटी फिरून तिचे हात मोडले असते, आणि पीळ सुटताच बसलेल्या झटक्याने धोंडा जमिनीतून निघून तारेसकट तिच्यावर आला असता. धरून ठेवावे, तर भेग वाढत होती.

“सळई बांधून टाकू,” मी म्हणालो. “मी येतो.”

“अर्ध्या फेऱ्यात आहे. बांधायची तर आणखी अर्धा पीळ द्यावा लागेल. तेवढ्यात निघेल.” तिने श्वास घेतला. “आणि बाबा, ओळीत यायचं नाही.”

नियम माझाच होता. तार ताणलेली असताना मामा आणि खांब यांच्या मधल्या ओळीत सळईवरच्या माणसाखेरीज कुणीही पाऊल टाकायचे नाही. हे वाक्य मी शेकडो लोकांना पाठ करायला लावले होते. लेकीने ते लहानपणी बडबडगीतासारखे म्हटले होते. तिच्या तोंडून ते पुन्हा ऐकून मी खांबाशीच थांबलो. त्या खांबाला मी हात लावू शकत नव्हतो.

तेवढ्यात मावशी गोठ्याकडून आल्या. लेकीचा चेहरा पाहून त्यांची बादली हातातच राहिली.

“काय झालं हो?”

“इथं कुणी खणलंय का?” मी विचारले.

“मामाला हात नाही लावला मी!” त्या ओरडल्याच. “उन्हाळ्यात गोठ्याच्या पाण्यासाठी चर काढला, तेव्हा मी स्वतः उभी होते. मशीनवाल्याला पायानं जागा दाखवली. म्हटलं, हा मामा, याला धक्का लावायचा नाही. पुढून दोन हात सोडून घे. चर नीट भरूनही घेतला. बघा की, गवत आलंय!”

“पुढून म्हणजे खांबाच्या बाजूनं?”

“हो. मागं भिंत आहे ना माझी.”

मला सगळे समजले, आणि समजल्याने भीती दुप्पट झाली. धोंडा स्वतःच्या वजनाने खांब धरत नाही. त्याच्या पुढची, कधीही न खणलेली जमीन त्याला अडवून धरते. तो तिच्यावर रेलून उभा असतो. मावशींनी मामाला जपले होते आणि मामा ज्याच्यावर रेलला होता तेच नेमके काढून तिथे भुसभुशीत माती भरली होती. आम्ही पाय आपटला तो धोंड्यावर. धोंडा जागेवरच होता. उत्तर भरीवच येणार.

खांबावरून कट्... कट्... असा बारीक आवाज येत होता, तो मला तेव्हा कुठे ऐकू आला. लंबू! तो कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, चढापलीकडे होता. त्याला इकडचे काही दिसत नव्हते आणि तो शांतपणे आठवी तार ताणत होता. प्रत्येक कट् म्हणजे रॅचेटचा, तार गुंडाळून ताणणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दात. प्रत्येक दाताला ओढ वाढत होती.

त्या कुरणात फोनला रेंज नाही. म्हणून अशा जागी आम्ही जुन्या खुणा वापरतो. ज्या तारेचे काम असेल तिच्यावर पकडीने ठोके द्यायचे. एक म्हणजे ताण, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे सोड. ठोका तारेतून दूरवर जातो आणि रॅचेटवरच्या हाताला जाणवतो. अडचण ही की तो दोन्हीकडे जातो. जो ठोका लंबूपर्यंत पोहोचणार, तोच खांबातून, मागच्या तारेतून धोंड्यापर्यंत पोहोचणार होता.

“बाबा, द्या,” लेक म्हणाली. “विचार नंतर.”

मी पक्कड काढली. सर्वांत वरची तार माझ्या डोक्याच्या उंचीवर होती. दोन ठोके दिले, नखाने वाजवावे इतके हलके. कट्... कट्... चालूच. त्याला कळले नव्हते. भेगेत आणखी एक खडा पडला. मी पुन्हा दोन दिले, थोडे जोरात, आणि दातांवर दात दाबून लेकीकडे पाहिले. सळई तिच्या मुठीत थरथरली.

आवाज थांबला.

आता सोडायचे. वरची तार आधी, कारण खांबाला वाकवण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा. पण तीन ठोके ऐकले की लंबू रॅचेटची खिट्टी उचलतो आणि तार एका झटक्यात मोकळी होते. रोजच्या कामात तसेच करतात. आज तो झटका जमिनीला सोसणार नव्हता. आणि ‘हळूहळू सोड’ यासाठी आमच्याकडे खूणच नव्हती. इतक्या वर्षांत तिची गरज कुणाला पडली नव्हती.

मी एक ठोका दिला. थांबलो. हा एकच ठोका समजून त्याने ताणायला घेतले तर? घाम डोळ्यांत उतरत होता. दुसरा दिला, पहिल्याहून हलका. तिसरा जेमतेम टेकवला. माझा हात इतका कापत होता की पक्कड तारेवर आपोआप आणखी एकदा किणकिणली. तो चौथा ठोका परत घेता येण्यासारखा नव्हता.

काही घडले नाही. मावशींनी तोंडावर पदर धरला होता. कुठेतरी एक गाय हंबरली, आणि मला तिचा विनाकारण राग आला.

मग तार बोलली. कट्. बराच वेळ गेला. कट्. पण हे ताणणे की सोडणे? मी वरच्या तारेला तळवा लावला. कट्. ती किंचित मऊ झाली होती.

“सोडतोय,” मी म्हणालो. “दाता-दातानं सोडतोय.”

“बोलत राहा,” लेक म्हणाली. “माझे हात मला कळेनासे झालेत. काहीही बोला.”

मला काहीही बोलता येत नाही; आयुष्यभर मी कामापुरतेच बोललो. “पहिली सुटली,” मी म्हणालो. “आता दुसरी.” तिच्यावर तसेच तीन ठोके दिले, तसेच विझत जाणारे. “दुसरीला वाटा थोडा कमी. पण दोन्ही मिळून बराच भार उतरेल.”

“बाबा, गोष्ट सांगा म्हटलं तरी तुम्ही आकडे सांगाल.”

“तिसरी घेतो,” मी म्हणालो.

तिसरी अर्धी सुटली असताना जमीन उघडली. आवाज यावेळी कापड फाटल्याचा होता. भेग तळहाताएवढी झाली, तिच्या तळाशी धोंड्याची ओली, काळी कड दिसली आणि खांब एकदम वाकला. सळईने हिसका दिला. तिचे टोक लेकीच्या हनुवटीला लागले. ती किंचाळली नाही. तिने सळई छातीशी दाबून धरली, डोळे मिटले आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, “बाबा.”

मला तिथे नुसते उभे राहवेना. मी नियम मोडायला एक पाऊल टाकलेही होते.

“तुम्ही कुठं?” मावशी माझ्यावर खेकसल्या. “तुम्ही ठोके द्या! मला येतात का ठोके?” त्यांनी बादली टाकली, साडी गुडघ्यांपर्यंत वर खोचली, तडक ओळीत शिरल्या आणि लेकीच्या मागे, धोंड्यापुढच्या त्या भुसभुशीत मातीवर फतकल मारून बसल्या. टाचा भेगेच्या अलीकडे रोवल्या. तोंडावरचा रंग पार उडाला होता.

“मावशी, उठा,” लेक म्हणाली. “निघाला तर तुम्हाला घेऊन येईल.”

“गप बस. सळई धर. माझं वजन आजवर डॉक्टर सोडून कुणाच्या कामी आलं नाही.” आणि मग, तसाच दरडावणारा आवाज मध्येच फाटून, “भीती वाटतेय गं मला. लवकर करा, काका.”

मी लवकर केले नाही. लवकर करता आले नसते. तिसरी पुरी झाली. चौथी. पक्कड निसटू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली होती. पलीकडून दाता-दाताने तार सैलावत होती, आणि प्रत्येक दातानंतर लंबू थांबत होता, जणू तिकडून तो आमचा श्वास ऐकत होता. पाचवीपासून भेग वाढल्याचे मला दिसले नाही. ते मावशींच्या वजनामुळे, की चार तारा उतरल्यामुळे, हे मी आजही सांगू शकत नाही. हिशेब मी नंतर करून पाहिला. तो दोन्हीकडे लागतो.

सहावी सुटल्यावर लेकीने सळई अगदी थोडी, बोटभर, मागे जाऊ दिली. ती तिच्या हातात राहिली. सातवीनंतर तिने पूर्ण अर्धा फेरा सोडला. शेवटची, सर्वांत खालची, सुटली तेव्हा सळई तारेत नुसती लोंबकळत होती.

“या बाहेर,” मी म्हणालो. “दोघी. आधी तू.”

“आधी मावशी.”

“मला उठता येत नाही,” मावशी म्हणाल्या. “पायात जीवच नाही. ओढा मला.”

लेकीने त्यांना काखेत धरून ओढले, मी लेकीला ओढले, आणि आम्ही तिघे ओळीबाहेर गवतावर अक्षरशः कोसळलो. तिच्या हनुवटीतून रक्त येत होते. तिच्या मुठी उघडत नव्हत्या. सळई हातात नसूनही बोटे तशीच वळलेली. मी एकेक बोट सरळ केले. ती पाच-सहा वर्षांची असताना तिच्या मुठीतून खिळे काढून घेताना करायचो तसे.

लंबू चढावरून धावत आला. खांब, भेग, रक्त, सगळे त्याने एका नजरेत पाहिले आणि तो मटकन खाली बसला.

“तुला कसं कळलं रे, हळू सोडायचं ते?” मी विचारले.

“ठोका घाबरलेला होता, मास्तर. तुमचा ठोका मी कधी असा ऐकला नव्हता.” त्याने बाहीने तोंड पुसले. “म्हटलं, मास्तर घाबरलेत म्हणजे ओळीत ताई आहे. मग मीही घाबरत घाबरतच सोडलं.”

मग लेक उठली. मी नको म्हणालो तरी तिने पेटीतून ताणमापक काढला, कारण तारा खरोखर मोकळ्या आहेत हे पाहिल्याशिवाय त्या खांबाजवळ कुणाला जाऊ द्यायचे नाही, हाही नियम माझाच होता. तिची बोटे वळत नव्हती, म्हणून मापक मी लावला आणि तिने वाचला. वरून खाली, प्रत्येक तारेवर एकदा.

आठ तारा. ताण शून्य.